वाचकांचे प्रश्न : खेळातून उपचार, तोही घरच्या भाषेत

प्रश्न : आमचा पाच वर्षांचा मुलगा स्वमग्न (ऑटिस्टिक) असल्याचे निदान गेल्या वर्षी झाले. चिंचोके, बाटल्यांची झाकणे, खेळण्यातल्या गाड्या, जे हाताला लागेल त्याची तो रांग लावत बसतो आणि ती कोणी मोडली की किंचाळतो. आठवड्यातून एकदा आम्ही त्याला बेळगावला प्ले थेरपीसाठी नेतो. 'पैसे मोजून खेळायला कशाला नेता, अंगणात खेळवा,' असे सासूबाई म्हणतात. शिवाय शाळा इंग्रजी आणि थेरपिस्ट कन्नड व इंग्रजी बोलणाऱ्या असल्यामुळे, 'मूल गोंधळेल, घरात मराठी बंद करा,' असा सल्ला एका ठिकाणी मिळाला. आम्ही काय करावे?
– एक आई, खानापूर तालुका

उत्तर : सासूबाईंच्या बोलण्यात अर्धे तथ्य आहे आणि ते अर्धे फार मोलाचे आहे. आठवड्यातला पाऊण तास मुलाला बदलून टाकील, अशी अपेक्षा कोणत्याही जाणत्या थेरपिस्टने ठेवू नये आणि पालकांनीही ठेवू नये. त्या पाऊण तासात मोठी माणसे मुलाबरोबर कशी वागतात हे पाहून घेणे आणि उरलेले सहा दिवस तसे घरी वागणे, हा त्या खर्चाचा खरा उपयोग आहे. म्हणून सत्र चालू असताना आपण बाहेरच्या बाकावर बसत असाल, तर आत बसू देण्याची विनंती करा, आणि शक्य असेल तेव्हा सासूबाईंनाही सोबत न्या.

'प्ले थेरपी' या एका नावाखाली बऱ्याच वेगवेगळ्या पद्धती चालतात, हेही ध्यानात ठेवावे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ व्हर्जिनिया ॲक्सलाइन यांनी १९४७ साली आपल्या पुस्तकात मांडलेल्या पद्धतीत खेळाची दिशा मूल ठरवते आणि मोठ्याने त्याच्यामागून जायचे असते. ती मुख्यतः भावनिक ओझ्याखाली असलेल्या मुलांसाठी घडली. स्वमग्न मुलांसाठी पुढे ज्या पद्धती तयार झाल्या, त्यांपैकी स्टॅन्ली ग्रीनस्पॅन यांची 'फ्लोअरटाइम' ही एक परिचित पद्धत होय. जमिनीवर बसून, मुलाला ज्यात रस आहे तिथूनच सुरुवात करून देवाणघेवाण वाढवत नेणे, हा तिचा गाभा आहे. आपल्या मुलाबरोबर यांपैकी नेमके काय केले जाते आणि कशासाठी, असे थेरपिस्टना सरळ विचारावे. उत्तर देता न येणाऱ्याकडे फार काळ जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता रांगांविषयी. रांग हा आपल्या मुलाचा खेळ आहे. दिवसभराच्या आवाजांतून आणि अनपेक्षित घटनांतून त्याला त्या रांगेत एक निश्चिती मिळत असावी, म्हणून ती मोडून 'नीट खेळ' म्हणणे त्याला सहन होत नाही. आपण त्याच्या शेजारी, शक्यतो समोरासमोर, जमिनीवर बसा. पहिले काही दिवस केवळ पाहा आणि आपणही आपली वेगळी रांग लावा. त्याने आपल्याकडे नजर टाकली की पुढचा चिंचोका त्याच्या हातात द्या आणि थांबा. हे थांबणे आपल्याला सर्वांत जड जाते, कारण मुलाने उत्तर देण्यापूर्वीच आपण दुसरा प्रश्न विचारून मोकळे होतो. 'हा रंग कुठला? मोज बघू,' अशी परीक्षा सुरू झाली की खेळाची शिकवणी होते आणि मूल पाठ फिरवते. त्याऐवजी 'लाल गाडी आली', 'अजून एक', 'संपले' अशी छोटी वाक्ये, त्याच्या कृतीला जोडून, त्याच त्या शब्दांत बोलावीत. दहा-पंधरा मिनिटे पुरेत, मात्र ती रोज असावीत आणि त्या वेळी मोबाइल बाजूला असावा. मूल वस्तू तोंडात घालत असेल, तर चिंचोके आणि झाकणे काढून मोठ्या वस्तू द्याव्यात.

हे घरी जमण्यासारखे आहे का, अशी शंका येईल. आपल्या शेजारच्या गोव्यात आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत या प्रकारच्या पालक-प्रशिक्षणाचा एक अभ्यास झाला व तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात ६५ स्वमग्न मुले होती आणि पालकांना मार्गदर्शन करणारे कार्यकर्ते तज्ज्ञ डॉक्टर नव्हते, तर प्रशिक्षण दिलेले सामान्य आरोग्य कार्यकर्ते होते. पालकांचा मुलाला मिळणारा प्रतिसाद सुधारला आणि मुलेही आपणहून पालकांशी अधिक संवाद सुरू करू लागली. सर्वच बाबींत सुधारणा झाली नाही, हेही त्या अभ्यासात नोंदवले आहे. तरीही महानगरापासून दूर राहणाऱ्या कुटुंबांसाठी मला तो फार महत्त्वाचा वाटतो.

मराठी बंद करण्याचा सल्ला मात्र कृपया मानू नका. दोन भाषा ऐकणारी स्वमग्न मुले केवळ त्या कारणाने भाषेत मागे पडत नाहीत, असे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. सीमाभागातले आपले घर तर आजीच्या हाका, भांडणे, लाड आणि बडबडगीते यांवर चालते. ही भाषा काढून घेतली, तर मुलाशी बेतलेल्या इंग्रजीत चार वाक्ये बोलणारे अवघडलेले पालक तेवढे उरतील, आणि आजीला तर बोलायलाच काही राहणार नाही. त्यापेक्षा खेळात रोज लागणाऱ्या दहा-बारा शब्दांची यादी थेरपिस्टना द्या : दे, नको, परत, उघड, पुरे. घरी 'पुरे' आणि केंद्रात त्याच अर्थाचा कन्नड शब्द 'साकु' हे दोन्ही मूल हळूहळू ओळखू शकते. आपल्याकडच्या बाजारात सगळी मुले तसेच शिकतात. मूल बोलत नसेल, तर चित्रांचे पत्ते किंवा खुणा वापरण्यास संकोच करू नये; त्यामुळे बोलणे लांबणीवर पडते, ही भीती निराधार आहे.

प्रश्न : मी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. तिसरीतला एक विद्यार्थी क्षणभरही स्वस्थ बसत नाही. लगोरीत स्वतःची पाळी येईपर्यंत थांबत नाही, म्हणून मुले त्याला खेळायला घेत नाहीत. दिवाळीत किल्ला करतानाही भांडणे झाली. वर्गात खेळाचा काही उपयोग करता येईल का?
– एक शिक्षिका, बेळगाव तालुका

उत्तर : येईल, परंतु त्याला उपचार म्हणू नये, निदानही आपण करू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते तेव्हा या मुलाची आपली निरीक्षणे लिहून त्यांच्या हाती द्यावीत, म्हणजे पुढची तपासणी जिल्हा पातळीवर होऊ शकेल.

लगोरीत थांबण्याचा काळ फार लांब असतो. सात-आठ जणांऐवजी तिघांचे गट केले, की त्याची पाळी लवकर येते आणि थांबणे त्याच्या आवाक्यात येते. नियम एका वेळी एकच सांगावा आणि तो पाळला गेल्याचे लगेच बोलून दाखवावे. किल्ल्याच्या कामात तर त्याच्यासाठी फार जागा आहे. माती आणणे, दगड वाहणे, पाणी शिंपडणे अशी जोर लावण्याची कामे पुष्कळ अस्वस्थ मुलांना शांत करतात, म्हणून ती त्याच्याकडे सोपवावीत आणि बुरूज कोणी बांधायचे हे आधीच ठरवून फळ्यावर लिहावे. वर्गात एखादे मूल ओल्या मातीला हात लावायलाच तयार नसेल, तर त्याला नाजूक समजून हसू नये. खुरपे द्यावे किंवा मावळे मांडण्याचे काम द्यावे. वैशाखातल्या शिवजयंतीच्या मिरवणुकीचा किंवा गणपतीतल्या ढोलताशांचा आवाज ज्यांना सोसत नाही, त्यांच्याबाबतही हेच धोरण असावे.

प्रश्न : प्ले थेरपीने माझा नातू पूर्ण बरा होईल का? त्याला स्वमग्नता आहे. आणि थेरपिस्ट खरा की खोटा, हे कसे ओळखावे?
– एक आजोबा, निपाणी

उत्तर : स्वमग्नता हा आजार नसून मेंदूच्या घडणीतला फरक आहे, त्यामुळे 'पूर्ण बरा करतो' असे म्हणणाऱ्यापासून दूर राहावे. खेळातून संवाद वाढू शकतो, चिडचिड कमी होऊ शकते आणि घरच्यांना मूल अधिक कळू लागते.

पुनर्वसन क्षेत्रातील व्यावसायिकांची नोंदणी १९९२ च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. त्यात चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, वाचातज्ज्ञ, विशेष शिक्षक असे गट आहेत. 'प्ले थेरपिस्ट' असा स्वतंत्र गट नाही. म्हणून भिंतीवरच्या प्रमाणपत्रापेक्षा त्या व्यक्तीची मूळ पदवी आणि नोंदणी क्रमांक विचारावा. खर्चाच्या दृष्टीने नातवाचे अपंगत्व प्रमाणपत्र काढले नसल्यास आधी ते काढावे. त्याच्या आधारे राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' विमा योजनेत नाव नोंदवता येते. तिची मर्यादा १ लाख रुपये असून तीत, ठरलेल्या उपमर्यादांसह, थेरपीचा खर्चही धरला जातो. ही योजना स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठीच आहे, त्यामुळे वरच्या प्रश्नातल्यासारख्या केवळ चंचल मुलाला तिचा लाभ मिळणार नाही.