हरभऱ्यावरचे काळ्या ठिपक्यांचे कोष

प्रश्न (औसा तालुका): हरभरा फुलावर आलाय. पानांना तांदळाएवढे राखाडी कोष चिकटलेत, वर काळे ठिपके. ही नवी कीड का? दुकानदार दोन औषधं मिसळून मारा म्हणतो.

उत्तर: दादा, पंप खाली ठेवा. फोटोत कोषाजवळ घाटेअळीची वाळलेली कातडी दिसते, तीच खूण. हे कोष कॅम्पोलेटिस क्लोरिडी या परोपजीवी गांधीलमाशीचे. नावाला गांधीलमाशी, पण बारीक, काळसर, तुम्हाला डंख मारणारी नव्हे. मादी लहान घाटेअळी गाठते आणि तिच्या अंगात अंडं घालते. त्यातून निघालेली अळी घाटेअळीला आतून खाते, आठवड्याभरात बाहेर पडून तिथंच कोष विणते. घाटे पोखरायच्या वयात येण्याआधीच घाटेअळीचा निकाल! अळी मोठी झाली की मात्र या माशीचं तिच्यापुढं चालत नाही.

उचिदा या जपानी कीटकशास्त्रज्ञानं 1957 साली हिचं वर्णन केलं. भारतभर ती आढळते. पाकिस्तान, चीनमध्येही आहे. घाटेअळीशिवाय पानं खाणारी स्पोडोप्टेरा आणि 2018 मध्ये मक्यावर आलेली अमेरिकन लष्करी अळी, यांच्यावरही ती जगते. पण पीक बघून वागते. हरभऱ्यावर, ज्वारीवर घाटेअळी हुडकून काढते, तुरीवर फारशी फिरकत नाही. तेव्हा शेजारच्या तुरीत कोष नाहीत म्हणून हरभऱ्यातही नसतील असं धरू नका.

मीटरभर तासात (ओळीत) एक-दोन जिवंत अळ्या दिसायला लागल्या तरच फवारणीचा विचार करा. तीही आधी 5 टक्के निंबोळी अर्काची, नाहीतर घाटेअळीच्या विषाणूची (एचएएनपीव्ही, हेक्टरी 250 एलई, म्हणजे 250 रोगट अळ्यांतल्या विषाणूइतकी मात्रा), ऊन उतरल्यावर. दोन औषधांच्या मिश्रणानं अळीआधी ही माशी मरते. पुढच्या पेरणीला हरभऱ्यात मधूनमधून धन्याचे तास घ्या. कोथिंबिरीच्या फुलांतल्या मधावर ही माशी टिकते.

प्रश्न (परतूर तालुका): मागच्या साली हरभऱ्यात ट्रायकोकार्ड लावली, काडीचा फरक नाही. कार्ड बोगस होती का?

उत्तर: कार्डाला बोल लावण्याआधी पीक बघा. पहाटे हरभऱ्यावर फडकं फिरवून पोटदुखीसाठी आंब धरतात ना, ती आंब म्हणजे आम्लच. कार्डातून निघणारी ट्रायकोग्रामा ही मिलिमीटरभरसुद्धा नसलेली माशी पानावर चालत पतंगाची अंडी शोधते. आंब असलेल्या पानावर तिचा टिकाव लागत नाही. कार्ड उसाला, मक्याला वापरा.

औशाच्या दादांना अजून शंका असेल तर पाच-सहा कोष पानासकट काचेच्या बाटलीत घाला, तोंडाला पातळ फडकं बांधा आणि सावलीत ठेवा. आठवडाभरात माशी बाहेर येईल. नीट बघून घ्या आणि संध्याकाळी त्याच तासात सोडून द्या.