ऐकून पैशांचं शिकताय? मग एवढं करा

सुरुवातीला पैशांवरचं एकच ऑडिओबुक घ्या, शक्यतो भारतीय लेखकाचं. अमेरिकन पुस्तकं ऐकायला झकास, पण त्यातली ४०१(के) आणि रॉथ आयआरए ही तिकडची निवृत्तीसाठीची खाती आपल्या काय कामाची? आपल्याकडे ईपीएफ, पीपीएफ, एनपीएस या योजना. सवयींबद्दलचा भाग मात्र बिनधास्त घ्या. आणि विकत घेण्याआधी नमुना ऐका. निवेदक रटाळ असेल तर दुसऱ्या प्रकरणात झोप लागते.

नवीन मंडळी हमखास चुकतात ते इथे:

- दीडपट वेगाने ऐकणं. किस्से चालतात, आकडे निसटतात. चक्रवाढीचं प्रकरण भाजी चिरताना नको, वही घेऊन बसा. ८ टक्क्यांनी रक्कम साधारण ९ वर्षांत दुप्पट होते, हे स्वतः मांडून बघा. मग क्रेडिट कार्डाचं वर्षाला ३५-४० टक्क्यांच्या घरातलं व्याज काय करतं ते कळेल.
- जुन्या रेकॉर्डिंगमधले नियम खरे धरणं. बँक ठेवींवरचं विमा संरक्षण २०२० मध्ये १ लाखावरून ५ लाख झालं. करांचे नियम तर त्याहून लवकर बदलतात.
- पुस्तकामागून पुस्तक संपवणं, पण महिन्याचा खर्च एकदाही न लिहिणं.

ऑप्शन्स वगैरे शेअर बाजारातले जोखमीचे सौदे सध्या राहू द्या. आधी सहा महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम बाजूला काढा, आणि घरचे तुमच्यावर अवलंबून असतील तर टर्म इन्शुरन्स, म्हणजे ठरावीक मुदतीचा निव्वळ आयुर्विमा, घ्या.