फंक्शन कॉल केलं, की फंक्शनला कॉल केला?

बडोद्यात दांडिया बाजारात संध्याकाळी कॉम्प्युटरचे वर्ग घेणाऱ्या एका शिक्षकांचा प्रश्न आहे: "मराठी घरांतल्या मुलांसाठी पायथॉनच्या नोट्स मराठीत लिहितोय. एका धड्याला 'पायथॉनमधून सीचे फंक्शन कॉल करणे' असं नाव दिलं. सहकारी म्हणतात, 'फंक्शनला कॉल करणे' हवं. कोणाचं बरोबर? 'कॉल'ला बोलावणे, पाचारण, आवाहन यांपैकी काही चालेल का? आणि 'फॉरेन फंक्शन'ला परकीय फंक्शन म्हणू का?"

आधी शब्द. पायथॉन आणि सी या प्रोग्रॅमिंगच्या भाषा. फंक्शन म्हणजे ठरलेलं एक काम करणारा कोडचा तुकडा, 'कॉल' म्हणजे त्याला कामाला लावणं, आणि 'फॉरेन फंक्शन' म्हणजे दुसऱ्या भाषेत लिहिलेलं फंक्शन. बरोबर दोघांचंही आहे, फक्त दोन्ही वाक्यांचं व्याकरण एक नाही. भूतकाळ करून बघा. "मी फंक्शन कॉल केलं" यात क्रियापद फंक्शनच्या लिंगवचनावर चालतं. मेथड असेल तर "कॉल केली", तीन फंक्शनं असतील तर "कॉल केली", लायब्ररीतलं एखादं रूटीन असेल तर "कॉल केलं". म्हणजे इथे 'कॉल करणे' हे आख्खं एक क्रियापद झालंय, 'सेव्ह करणे', 'फॉरवर्ड करणे' यांच्या रांगेतलं. "मी फंक्शनला कॉल केला" यात मात्र 'कॉल' हे सुटं पुल्लिंगी नाम आहे आणि कर्मही तेच. फंक्शन असो वा मेथड, 'केला' हलत नाही. "आईला फोन केला" याच साच्यातलं हे वाक्य.

धड्याच्या नावात तुमचंच वाक्य ठेवा. मराठीत निर्जीव कर्माला उगाच 'ला' लावत नाहीत. आपण फाइलला उघडत नाही, फाइल उघडतो. पण सहकाऱ्यांचं वाक्य फेकून देऊ नका, त्याची गरज पुढच्याच पानावर लागेल. कारण तिथे कॉल मोजायचे असतात. "लूपमध्ये त्या फंक्शनला हजार कॉल गेले" हे पहिल्या साच्यात नीट बसत नाही. आणि दोन भाषांच्या बाबतीत ही मोजणी महत्त्वाची असते: पायथॉनकडून सीकडे जाताना प्रत्येक वेळी मूल्यांचं रूपांतर करावं लागतं, येताना पुन्हा करावं लागतं. हजार आकडे हजार कॉलमधून पाठवण्यापेक्षा आख्खा ॲरे, म्हणजे आकड्यांची ओळीने लावलेली यादी, एका कॉलमध्ये पाठवलेला बरा.

आता पर्यायी शब्द. 'बोलावणे' पहिल्याच फटक्यात बाद. "मला फंक्शनला बोलावलं" याचा मराठीत एकच अर्थ होतो: कोणाची तरी मुंज आहे आणि जेवायला जायचंय. शिवाय बोलावलेला माणूस आपल्याकडे येतो. कॉलमध्ये उलटं घडतं. कामाचा ताबा तिकडे जातो, आपण थांबून राहतो, उत्तर आलं की पुढची ओळ. 'हाक मारणे' गोड आहे, पण हाकेला ओ येईलच असं नाही. 'पाचारण' वर्तमानपत्रातलं, ते लष्कराला नाहीतर अग्निशमन दलाला होतं, वर्गमूळ काढणाऱ्या फंक्शनला पाचारण केलं तर मुलं हसतील. 'आवाहन' निदान अर्थाने जवळचं आहे, कारण इंग्रजीत कॉलच्या जोडीला 'इन्व्होक' चालतं आणि षोडशोपचार पूजेतला पहिला उपचार आवाहनाचाच. पण निम्मा महाराष्ट्र आवाहन आणि आव्हान यांत गोंधळ घालतो, त्यात परीक्षेच्या पेपरची भर कशाला?

बडोद्यात असा विषय निघाला की कोणीतरी सयाजीरावांच्या कोशाची आठवण काढतंच. 1931 साली इथल्या संस्थानाने 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' काढून कारभाराचे शब्द आठ भाषांत शेजारी शेजारी मांडले. थोर काम. पण ते शब्द ज्या कचेऱ्यांसाठी होते, तिथे दरबारचा हुकूम चालत होता. तुमच्या वर्गात हुकूम चालतो कंपायलरचा, म्हणजे कोड यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रॅमचा, आणि तो चूक दाखवतो ती इंग्रजीत. मुलांना पडद्यावर 'कॉल' हेच दिसणार. आज्ञा म्हणून हा शब्द फोर्ट्रान भाषेच्या दुसऱ्या आवृत्तीत, फोर्ट्रान 2 मध्ये, 1958 पासून आहे. त्याच आवृत्तीत वेगळे कंपाइल केलेले तुकडे, अगदी असेंब्लीत (यंत्राच्या सगळ्यांत जवळच्या भाषेत) लिहिलेलेसुद्धा, एकत्र जोडायची सोय झाली. म्हणजे एका भाषेतून दुसरीचं काम करवण्याचा हा व्यवहार जवळजवळ या भाषांएवढाच जुना. 'कॉल' राहू द्या.

माझ्या मते मराठीची खरी मदत नामात नाहीच, ती शब्दयोगी अव्ययांत आहे. घरी आपण म्हणतो, "सुताराकडून कपाट दुरुस्त करून घ्या." या 'कडून … करून घेणे'मध्ये कॉलची सगळी गोष्ट येते: काम आपलं, करणारा दुसरा, आणि शेवटी फळ आपल्या हाती. पायथॉन सीकडून वर्गमूळ काढून घेतो. यातला 'कडून' गाळला तर अर्थ फिरतो. "पायथॉन वर्गमूळ काढून घेतो" म्हणजे त्याने स्वतःच काढलं, "आंघोळ करून घे"सारखं. बडोद्यात इथे एक मेख आहे. गुजरातीत "सुथार पासे कबाट रिपेर करावी लो" म्हणतात, त्यामुळे मुलांच्या तोंडी "सुताराजवळ करवून घे" असं येतं. मराठीत 'जवळ' म्हटलं की फक्त जागा कळते, करणारा कळत नाही. नोट्समध्ये तेवढं सांभाळा.

तीन अव्ययं वाटून दिलीत तर धडा निम्मा शिकवून होईल. पायथॉन*मधून*: आपण उभे आहोत ती जागा. सी*कडून*: काम करणारा. सीटाइप्स*मार्फत*: मधला, म्हणजे पायथॉनमधून सीच्या लायब्ररी उघडून देणारं मॉड्यूल. 'सीमार्फत' लिहिलंत तर सी निव्वळ मध्यस्थ ठरेल.

हा मधला नेमकं काय करतो ते एका ओळीत दाखवता येतं. लिनक्सवर सीटाइप्समार्फत गणिताची लायब्ररी उघडा आणि तिच्यातल्या 'स्क्वेअररूट'ला, म्हणजे 'एसक्यूआरटी'ला, 2 चं वर्गमूळ विचारा. नुसतं 2.0 दिलंत तर सीटाइप्स तिथेच अडवेल, हा कोणत्या प्रकारचा आकडा ते सांगा म्हणेल. 'सी डबल' (सीमधला दशांश आकड्यांचा प्रकार) म्हणून गुंडाळून दिलंत तर कॉल होईल, पण उत्तर येईल भलताच एखादा पूर्णांक. सीने हिशेब चुकवलेला नसतो. त्याने 1.4142135623730951 हे उत्तर शिरस्त्याप्रमाणे एक्सएमएम0 या रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोसेसरमधल्या एका कप्प्यात, ठेवलेलं असतं. दशांश संख्यांची परत येण्याची जागा ती. आणि पायथॉन बघत असतो आरएएक्स या दुसऱ्याच रजिस्टरमध्ये, कारण काही सांगितलं नाही तर सीटाइप्स उत्तर पूर्णांक आहे असं धरून चालतं. 'रेसटाइप', म्हणजे परत येणाऱ्या उत्तराचा प्रकार, डबल आहे एवढं आधी लिहिलं की त्याच कॉलचं उत्तर बरोबर येतं.

वर 'शिरस्ता' लिहिलं ते मुद्दाम. कॉल करताना काय कुठे ठेवायचं ते ठरवणाऱ्या 'कॉलिंग कन्व्हेन्शन'ला संकेत, प्रथा, रूढी असे पर्याय सुचवतात. संकेत मोडला तर फार तर लोक नाक मुरडतात. शिरस्ता कचेरीतला आहे: कोणता कागद कोणत्या टेबलावर ठेवायचा ते ठरलेलं, आणि चुकीच्या टेबलावर ठेवला तर कोणी शोधत बसणार नाही. 64 बिटी इंटेल-एएमडी यंत्रांवर लिनक्सचा शिरस्ता असा की पहिले सहा पूर्णांक आरडीआय, आरएसआय, आरडीएक्स, आरसीएक्स, आर8, आर9 या क्रमाने जातात. तेच यंत्र विंडोजवर चालवा, तर रजिस्टरांतून पहिले चारच जातात आणि सुरुवात आरसीएक्सपासून होते.

आता 'परकीय'. परकीय चलन, परकीय सत्ता: या शब्दात मालकीचा भाव आहे. तुमच्या मुलांनी सीमध्ये स्वतः लिहिलेलं, त्याच फोल्डरमधलं फंक्शन परकीय कसं? वेगळी आहे ती फक्त भाषा. म्हणून 'परभाषी फंक्शन' म्हणा. परभाषी शेजारी परका असतो असं नाही, हे बडोद्यात वेगळं समजावायला लागू नये.

या बाबतीत इंग्रजीचाही गोंधळ आहे. हॅस्केल आणि रस्ट या भाषांवाले सीच्या फंक्शनला 'फॉरेन' म्हणतात. जावा भाषेने 1997 पासून जेएनआय या सीशी जोडणाऱ्या सोयीत त्याच सीला 'नेटिव्ह' म्हटलं, म्हणजे चक्क इथलं. मग मार्च 2024 मध्ये जावा 22 आली आणि तिच्यात 'फॉरेन फंक्शन'ची नवी सोय पक्की झाली. कालचा नेटिव्ह आज फॉरेन. यात विसंगती नाही, बघण्याची जागा बदलली आहे. यंत्राच्या बाजूने पाहिलं तर सी स्थानिक, जावाच्या बाजूने पाहिलं तर परभाषी. 'नेटिव्ह'चं भाषांतर करताना 'देशी' वगैरे करू नका, 'यंत्रभाषेतला कोड' असं सरळ लिहा.

उरलेले शब्द भराभर. दुसऱ्या फंक्शनला गुंडाळणाऱ्या 'रॅपर'ला रॅपरच; बिस्किटाच्या पुड्यामुळे तो मुलांना माहीत आहे, वेष्टन हे पोस्टाच्या पार्सलपुरतं ठीक. दोन भाषा जोडणाऱ्या 'बाइंडिंग'ला बांधणी सुचवणारे पुण्याचे असावेत; बडोद्यात बांधणी म्हटल्यावर वर्गातल्या मुलींना साडीच दिसणार. सी प्लस प्लसमधलं 'नेम मँगलिंग', म्हणजे कंपायलरने फंक्शनचं नाव बदलून ठेवणं, हवं तर 'नावाची मोडतोड' म्हणा. दोन पूर्णांक घेणाऱ्या 'ॲड'चं नाव जीसीसी हा कंपायलर 'अंडरस्कोर झेड 3 ॲड आय आय' असं करून ठेवतो: 3 ही नावातली अक्षरं, दोन 'आय' म्हणजे दोन पूर्णांक. पायथॉन 'ॲड' शोधतो आणि त्याला ते सापडत नाही. ही मोडतोड टाळायला 'एक्स्टर्न सी' लिहायचं.

शेवटी 'कॉलबॅक', कारण 'कडून'ची खरी परीक्षा तिथे आहे. सीमधलं 'क्यूसॉर्ट' आकडे क्रमाने लावतं, पण दोघांत मोठा कोण ते स्वतः ठरवत नाही, त्यासाठी तुमचं फंक्शन मागतं. ते पायथॉनमध्ये लिहून देता येतं. मग वाक्य असं होतं: पायथॉन सीकडून आकडे लावून घेतो, आणि लावताना सी दर वेळी पायथॉनकडून तुलना करून घेतो. दोन 'कडून', उलट्या दिशांचे, आणि तरी वाचताना कोणी अडखळत नाही. 'कॉलबॅक'ला 'प्रत्याह्वान' असा शब्द घालून हेच लिहून बघा. धड्याला मी 'पायथॉनमधून सीकडून काम करून घेणे' असं नाव देईन आणि तुमचं 'फंक्शन कॉल करणे' त्याच्या खाली, लहान अक्षरात.