पाच रुपयांचं पाकीट आणि पन्नास मीटर

प्रश्न : माझा मुलगा सातवीत आहे. वर्षभरात त्याचं वजन फार वाढलं. घरी मी भाकरी, वरण, पालेभाजी करते. पण शाळेच्या फाटकाला लागूनच तीन दुकानं आहेत आणि डबा तसाच परत येतो. सासूबाई म्हणतात, 'जन्मला तेव्हा अडीच किलोचा होता, आता अंग भरतंय तर भरू दे.' शाळेत बाई त्याला सगळ्यांसमोर म्हणाल्या, 'जिभेवर ताबा ठेव.' तो रडत घरी आला. चूक माझी की त्याची?
— एक आई, बार्शी

उत्तर : ताई, तुमचीही नाही आणि त्याचीही नाही.

शाळाशाळांतून मुलांची आरोग्य तपासणी करण्यात माझी सगळी नोकरी गेली. सुरुवातीला फाटकाबाहेर बोरं, चिंचा, आवळे, उकडलेल्या शेंगा घेऊन बायका बसायच्या. हळूहळू टोपल्या उठल्या आणि तिथे पाच-पाच रुपयांच्या पाकिटांच्या माळा लटकल्या. तपासणीच्या कार्डांवर वजनाचे आकडे त्यानंतर चढत गेलेले मी पाहिले आहेत.

'ताबा ठेव' म्हणणाऱ्या बाईंना एक प्रयोग सांगा. २०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी २० प्रौढांना महिनाभर तिथेच मुक्कामाला ठेवलं. दोन आठवडे कारखान्यात बनलेलं, अतिप्रक्रिया केलेलं अन्न आणि दोन आठवडे साधं शिजवलेलं. समोर मांडलेल्या दोन्ही प्रकारच्या जेवणांत साखर, मीठ, स्निग्धांश, तंतू यांचं प्रमाण सारखं ठेवलं होतं आणि हवं तेवढं खायची मुभा होती. कारखान्यातलं अन्न समोर असताना तीच माणसं रोज सुमारे ५०० उष्मांक जास्त खात होती; दोन आठवड्यांत त्यांचं वजन जवळजवळ किलोभर वाढलं. मोठ्यांचं हे होतं, तर बारा वर्षांच्या पोराला वर्गात उभं करून लाजवण्यात काय अर्थ आहे? लाजलेलं मूल चोरून खायला लागतं, एवढंच होतं.

सासूबाईंना मात्र प्रेमाने समजवा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, तिकडची ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू कमी भरले, पण चरबी त्या मानाने टिकून होती. असं कमी वजनाचं बाळ पुढे झपाट्याने वाढलं की मधुमेहाचा धोका वाढतो. म्हणून 'अंग भरतंय' यावर समाधान मानू नये.

आता फाटकाकडे येऊ, कारण खरं काम तिथे आहे. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचे २०२० चे नियम १ जुलै २०२१ पासून लागू आहेत. जास्त चरबी, साखर किंवा मीठ असलेले पदार्थ शाळेच्या आवारात तर नाहीतच, पण फाटकापासून ५० मीटरांच्या आतही विकता येत नाहीत. त्यांची जाहिरातही नाही. महाराष्ट्र सरकारने तर मे २०१७ मध्येच शाळांच्या उपाहारगृहांतून असे पदार्थ काढायला सांगितलं होतं. तुमची शाळा सरकारी किंवा अनुदानित असेल, तर शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. पुढच्या बैठकीत हा विषय लेखी मांडा, इतिवृत्तात नोंदवून घ्या आणि त्याची प्रत जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे पाठवा. एकट्या जाऊ नका, आणखी चार आयांना सोबत घ्या.

हे लहान काम नाही. चिलीने २०१६ पासून जास्त साखर, मीठ, चरबी किंवा उष्मांक असलेल्या पाकिटांवर काळा अष्टकोनी इशारा छापायला लावला. इशारा असलेला पदार्थ शाळेत विकायला बंदी आणि पाकिटावर मुलांना भुलवणारी कार्टूनंही बंद. पहिल्या दीड वर्षात साखरेच्या पेयांची खरेदी जवळपास चौथाईने घटली. पोरंच आयांना दुकानात सांगू लागली की हे नको, यावर काळा शिक्का आहे. आपल्याकडे २०२२ मध्ये मसुदा निघाला तो पाकिटावर ताऱ्यांनी गुण देण्याचा. फळं, सुकामेवा, तंतू यांचे गुण जमेस धरून साखरेची वजाबाकी हलकी करणारी ती पद्धत मला अजिबात पसंत नाही. आईला दुकानात उभ्याउभ्या 'साखर जास्त' एवढंच वाचता आलं पाहिजे.

करांचंही तसंच. सप्टेंबर २०२५ पासून साखर घातलेल्या थंड पेयांवर ४० टक्के जीएसटी आहे, हे चांगलं झालं. पण त्याच फेरबदलात बिस्किटं, चॉकलेट आणि पाकीटबंद फरसाण यांचा कर ५ टक्क्यांवर उतरला. सातवीतलं पोर खिशातली नाणी बघून खाऊ निवडतं.

घरी एवढं करा : त्याचं ताट वेगळं वाढू नका, सगळ्यांचं जेवण एकच असू दे. वाढत्या वयात वजन उतरवण्याचा हट्ट नको. उंची वाढेल तसं ते स्थिर राहिलं तरी पुरे. डब्यात काय न्यायचं ते त्यालाच विचारा. थंड पेयाच्या २५० मिलीच्या बाटलीत साधारण २५ ग्रॅम साखर असते. ती एकदा चहाच्या चमच्याने मोजून त्याच्यासमोर वाटीत काढा, सहा चमचे भरतील.

प्रश्न : मी शाळेजवळ गाडीवर वडापाव आणि पाकिटं विकतो. ५० मीटरचा नियम कडक झाला तर माझं घर कसं चालायचं?
— एक पथविक्रेता, नाशिक

उत्तर : भाऊ, तुमची काळजी रास्त आहे. पाकीट नासत नाही आणि दारात आणून मिळतं. केळं दोन दिवसांत काळं पडतं. तो तोटा तुमच्या एकट्याच्या अंगावर टाकणारा नियम टिकणार नाही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असतात. त्यांच्यामार्फत मागणी करा की फळं, काकडी, उकडलेली कणसं, भाजके चणे-शेंगदाणे विकणाऱ्याला शाळेजवळची जागा आधी मिळावी. वडापावची गाडी मात्र ५० मीटरांच्या पलीकडे न्या, आणि तेल काळपट होऊन फेसाळायला लागलं की टाकून द्या. त्यात नवं तेल ओतून ते पुन्हा चालवू नका.