वाचक विचारतात : औषधवाल्याची वही

प्रश्न : इंग्लंडच्या खेड्यांतल्या जुन्या खूनकथांत पोलीस आधी औषधवाल्याची वही का चाळतात?

उत्तर : 1851च्या सोमल (म्हणजे आर्सेनिक हे विष) कायद्यामुळे. सोमल पांढरा, जवळजवळ बेचव. साखरेत खपून जाई. म्हणून किरकोळ विक्रीत पौंडामागे किमान 1 औंस काजळी किंवा अर्धा औंस नीळ मिसळणं सक्तीचं झालं. वहीत तारीख, नाव-पत्ता, वजन आणि कारण लिहून सही घ्यायची. गिऱ्हाईक अनोळखी असेल, तर ओळखीचा साक्षीदार लागे. वाचताना नावापेक्षा ‘कारण’ बघा. तिथे ‘उंदरांसाठी’ असतं, आणि घरात उंदीरच नाहीत हे मोलकरीण दोन प्रकरणं आधीच बोलून गेलेली असते!

प्रश्न : आणि या कथांत विष ओळखताना बशीवर उमटणाऱ्या डागाचं काय?

उत्तर : ती 1836ची मार्श चाचणी. नमुना जस्त आणि आम्लात टाकायचा, निघणारा वायू पेटवायचा आणि ज्योतीवर चिनी मातीची थंड बशी धरायची. सोमल असेल, तर काळसर चकचकीत डाग उमटतो. गोची अशी, की जस्तातच सोमलाचा अंश असला तरी डाग येतो. त्यामुळे आधी नमुन्याशिवाय चाचणी घ्यावी लागते. कथेतला बचावाचा वकील नेमकं तेच विचारतो.