रोम पाहून झाल्यावर आल्प्समधील आओस्ता हे शहर मिलानहून एका दिवसात जाऊन पाहण्याजोगे आहे का?

तुमच्या प्रश्नात दोन शंका आहेत. सत्तरीकडे झुकलेल्या आई-वडिलांना घेऊन सकाळी मिलानहून निघून संध्याकाळी परतणे जमेल का, ही पहिली. आणि कलोसियम पाहून आलेल्या माणसाने आओस्ताच्या रोमन अवशेषांसाठी वेगळा वेळ काढावा का, ही दुसरी. नोकरीनिमित्त मी काही वर्षे ट्युरिनमध्ये राहत होते आणि त्या काळात आओस्ताला पाच वेळा जाऊन आले, त्यांपैकी एकदा माझ्याही आई-बाबांना घेऊन. त्या अनुभवावरून सांगते की अवशेषांसाठी अवश्य जावे, परंतु एका दिवसात जाऊन येण्याच्या फंदात पडू नये. दोन रात्री राहावे.

पहिल्या खेपेला मी नेमकी तीच चूक केली होती. रेल्वे आणि बस या दोहोंची स्थानके शहराच्या दक्षिणेला जवळजवळ आहेत. तेथून सरळ चालत गेले की माणूस एकदम मध्यवर्ती शानू चौकात पोहोचतो. मी तेथून दिसेल त्या दिशेला फिरले, कमान पाहिली, मग भुयार, मग नाट्यगृह, आणि तीन तासांत सर्व आटोपून, ‘रोमच्या मानाने हे फारच लहान’ असे म्हणत परत गेले. दुसऱ्यांदा गेले तेव्हा माझ्या लक्षात आले की या शहरात सुट्या सुट्या वास्तू पाहायच्या नसून एका मापाने आखलेले अख्खे नगर पाहायचे आहे, आणि ते रोमहून येणारा प्रवासी ज्या बाजूने आत शिरत असे त्या बाजूने, म्हणजे पूर्वेकडून, पाहिले तरच उलगडते.

थोडी पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे. या दरीत पूर्वी सालासी नावाची जमात राहत होती. सोन्याच्या खाणी आणि आल्प्स ओलांडण्याच्या वाटा या दोन्ही गोष्टी तिच्या ताब्यात होत्या. मोदेनाहून पळालेल्या देसिमुस ब्रुटुस या रोमन सेनापतीकडून सालासींनी वाट देण्यासाठी माणशी एक द्राख्मा, म्हणजे एक चांदीचे नाणे, वसूल केल्याची हकीकत ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबोने नोंदवली आहे. नाणेघाटातला जकातीचा रांजण पाहिलेल्या वाचकाला घाटवाटेचे हे अर्थकारण वेगळे समजावून सांगायला नको. रोमला मात्र ते सोसण्यासारखे नव्हते. इ.स.पू. २५ मध्ये तेरेंतियुस व्हारो मुरेना या सेनापतीने सालासींचा पाडाव केला. स्ट्रॅबोच्या म्हणण्यानुसार छत्तीस हजार लोक गुलाम म्हणून विकले गेले, आणि त्यांच्या भूमीवर तीन हजार प्रिटोरियन, म्हणजे सम्राटाच्या रक्षकदलातील, सैनिकांची वसाहत वसवण्यात आली. तिचे नाव ऑगस्टा प्रिटोरिया. त्यातल्या ‘ऑगस्टा’चे झिजत झिजत आओस्ता झाले. मात्र सगळेच सालासी नाहीसे झाले नसावेत, कारण वसाहत स्थापन झाल्यावर लवकरच तेथे राहणाऱ्या सालासींनी रोमन सम्राट ऑगस्टसला अर्पण केलेला एक शिलालेखही सापडला आहे. शहरातल्या देखण्या कमानीसमोर उभे राहताना ही दोन्ही टोके मनात असू द्यावीत.

आता चालण्याचा क्रम. स्थानकातून बाहेर पडल्यावर चौकाकडे न वळता आधी पूर्वेला जाऊन जुना दगडी पूल गाठावा. ब्युतिए या ओढ्यावर रोमनांनी बांधलेला हा एका कमानीचा पूल आज कोरड्या जागेत उभा आहे, कारण ओढ्यानेच पुढे आपले पात्र बदलले. दोन्ही बाजूंना घरे आणि खाली पाणी नाही, त्यामुळे पूल आहे हे लक्षात न येता पुष्कळ लोक त्यावरून चालत जातात. तेथून चार-पाच मिनिटांवर ऑगस्टसची विजयकमान आहे, सुमारे साडेअकरा मीटर उंच. तिच्यावर चक्क पाटीच्या दगडाचे उतरते छप्पर आहे! वरचा भाग ढासळल्यामुळे आत पाणी मुरू लागले, म्हणून ते १७१६ मध्ये घालण्यात आले. कमानीखाली टांगलेला क्रूसावरचा ख्रिस्त त्याच ब्युतिएच्या पुरापासून रक्षण व्हावे म्हणून नवसाने लावलेला होता. आज तेथे आहे ती प्रतिकृती. सम्राटाचा विजय, नवस आणि गळके छप्पर एकाच जागी पाहायला मिळते, म्हणून ही कमान मला रोममधल्या कमानींपेक्षा अधिक जवळची वाटते.

कमानीपासून सरळ पश्चिमेला सांत आन्सेल्मो हा रस्ता जातो. पुढे कँटरबरीचा आर्चबिशप झालेला तत्त्ववेत्ता अँसेल्म १०३३ मध्ये याच शहरात जन्मला, त्याचे हे नाव. रस्त्याच्या शेवटी पोर्ता प्रेतोरिया हे पूर्वेचे महाद्वार आहे आणि येथे तुम्ही घाई करू नये अशी माझी विनंती आहे. एकामागे एक अशा दोन भिंती, मध्ये मोकळा चौक, प्रत्येक भिंतीत तीन कमानी: मधली गाड्यांसाठी, बाजूच्या दोन पायी चालणाऱ्यांसाठी. भिंतीचा दगड जवळून पाहावा. नदीतले गोल गोटे एकमेकांत घट्ट बसून तयार झालेला हा खडक थेट शेंगदाण्याच्या चिक्कीसारखा दिसतो. त्यावर पूर्वी संगमरवराचे आवरण होते आणि त्याचे तुकडे बाहेरच्या बाजूला अजून शिल्लक आहेत. एका बाजूला खणून मूळ जमीन उघडी केली आहे. ती आजच्या रस्त्यापासून सुमारे अडीच मीटर खाली आहे, म्हणजे ज्या कमानीतून आपण आज मान किंचित खाली घालून जावे की काय असे वाटते, ती रोमन माणसाला चांगलीच उत्तुंग भासत असणार. आई तेथील कठड्याला टेकून बराच वेळ खाली पाहत राहिली आणि म्हणाली, “गाव आपल्याच मातीत बुडत चाललंय.”

दाराच्या आत उजवीकडे नाट्यगृह आहे. त्याची बावीस मीटर उंचीची दर्शनी भिंत उभी आहे, तीत एकावर एक वेगवेगळ्या आकारांच्या कमानी आणि खिडक्या आहेत, आणि त्यांतून पलीकडचे डोंगर दिसतात. साडेतीन ते चार हजार प्रेक्षक बसतील एवढी ही जागा होती. दुरुस्तीची कामे अधूनमधून चालू असतात, तेव्हा समोर परांची दिसल्यास मन खट्टू करून घेऊ नये. मुख्य चर्चशेजारचे भूमिगत दालन, म्हणजे जुन्या रोमन चौकाच्या तीन बाजूंनी फिरणारी दुहेरी कमानींची ओवरी, मात्र चुकवू नका. दुपारच्या उन्हातून तेथे उतरले की लेण्यात शिरल्यासारखा गारवा लागतो. पायऱ्या आहेत, पण फार नाहीत. नगराचा कोट ७२७ मीटर लांब आणि ५७४ मीटर रुंद असा काटेकोर आयत आहे व त्याचा मोठा भाग अजून दिसतो; पूर्ण प्रदक्षिणा वडीलधाऱ्यांनी घालायची गरज नाही, स्थानकाजवळचा बुरूज पाहिला तरी पुरे.

सांत ओर्सोच्या मठातील बाराव्या शतकातली ओवरी रोमन नसली तरी वाटेवरच आहे. तिथल्या खांबांच्या कोरीव शिरोभागांसाठी अर्धा तास ठेवावा. पुरातत्त्व संग्रहालयात घोड्याच्या छातीवर बांधायचा काशाचा अलंकार आहे, त्यावर रोमन आणि रानटी टोळ्यांची लढाई कोरलेली आहे. तो पाहावा, बाकी दालनांतून लवकर निघाले तरी चालेल.

आई-बाबा शाकाहारी आहेत असे तुम्ही लिहिले आहे. पोलेंता, म्हणजे मक्याच्या पिठाची उकड, फोंतिना चीज आणि लोणी घालून सर्वत्र मिळते आणि थंडीत फार चांगली लागते. परंतु फोंतिना वासराच्या पोटातील विरजण वापरून करतात. हे ज्यांना चालत नसेल त्यांनी आधीच ठरवावे. पाव, कोबी आणि चीज यांचे तिथले प्रसिद्ध सूप शाकाहारी वाटते, पण ते बहुधा मांसाच्या रश्शात शिजवलेले असते, म्हणून विचारल्याशिवाय मागवू नये. जेवणानंतर अनेक तोट्यांच्या लाकडी भांड्यातून कॉफी फिरवण्याची पद्धत आहे; तीत द्राक्षाची दारू असते आणि सर्वांनी त्याच भांड्याला तोंड लावायचे असते. माझ्या बाबांनी दारूला हरकत घेतली नाही, उष्ट्याला घेतली.

प्रवासाचे सांगायचे तर जानेवारी २०२४ पासून इव्रेआ ते आओस्ता हा लोहमार्ग विद्युतीकरणाच्या दीर्घ कामासाठी बंद करण्यात आला व त्याऐवजी बस सुरू झाल्या. निघण्यापूर्वी सद्यःस्थिती तपासून घ्या. मिलानहून थेट बसही आहे. अंतर सुमारे १८० किलोमीटर आहे, म्हणजे येण्या-जाण्यातच अर्धा दिवस जातो. मे-जून किंवा सप्टेंबर हे महिने मला सर्वांत सोयीचे वाटले. जानेवारीच्या ३० आणि ३१ तारखांना सांत ओर्सोची मोठी जत्रा भरते, लाकडी कोरीव वस्तूंनी रस्ते भरून जातात. मौज आहे, पण आई-वडिलांना त्या गर्दीत आणि थंडीत नेऊ नका.

दुसऱ्या दिवशी गाडी भाड्याने घेता आली तर दोन ठिकाणे पाहावीत. पहिले आयमाव्हिलजवळचे पोंदेल. तेथे खोल घळीवर सुमारे ५६ मीटर उंचीवर इ.स.पू. ३ मधला पाणी वाहून नेणारा पूल आहे: वर पाण्याचा पाट, आत माणसांसाठी अरुंद बोळ. पाद्वाच्या गायुस आव्हिलियुस कायमुस याने तो स्वखर्चाने बांधला आणि शिलालेखात ‘खासगी’ हा शब्द आवर्जून कोरून घेतला. सरकारी पाट्यांना सरावलेल्या बाबांना तो शब्द फार आवडला.

दुसरे दोनास. ते परतीच्या वाटेवर, मिलानच्या दिशेलाच पडते, त्यामुळे वेगळा फेरा होत नाही. येथे रोमनांनी डोंगराची कड तासून २२१ मीटर रस्ता काढला आहे, मध्ये अखंड कातळात चार मीटर जाडीची कमान सोडली आहे, आणि आओस्तापासून ३६ रोमन मैल झाल्याचे सांगणारा दगडही त्याच कातळात कोरलेला आहे. रस्त्याच्या दगडात गाड्यांच्या चाकांनी पडलेले खोल चर आहेत. ‘चाकोरी’ हा शब्द मी जन्मभर वापरत आले, पण चाकोरी डोळ्यांनी पाहिली ती तेथे; बाबांनी काठी तीत उभी धरली तर तिचे टोक पार आत गेले. दगड गुळगुळीत असल्याने पाऊस पडत असेल तर आई-वडिलांना कमानीच्या अलीकडेच थांबवा, मैलाचा दगड तुम्ही एकट्याने पाहून या.