माग वरपर्यंत काढ

प्रिय पोरा,

पहलगामनंतर तुमच्या भरतीच्या ग्रुपवर एकानं लिहिलं, "उद्यापासून त्याला बेळगावच्या व्हॅक्सिन डेपो मैदानावर पळायला बोलवू नका." 'तो' म्हणजे तुझ्याबरोबर सोळाशे मीटर मारणारा तुझाच मुसलमान दोस्त. तू गप्प बसलास, आणि आता मला लिहितोस, "काका, लढायचंय, पण नक्की कुणाशी तेच कळेना. सगळे एकच वाटतात."

गप्प बसलास ते समजू शकतो. 'सगळे एकच' मात्र डोक्यात गेलं. सगळे म्हणजे कोण रे? माग काढ की. हल्लेखोराला आसरा कुणी दिला, पैसा कुणी पुरवला, शिकवलं कुणी, आणि अंगाशी आल्यावर "आमचा नव्हेच" म्हणालं कोण?

तुकाराम ओंबळ्यांनी गोळ्या झेलून कसाबला जिवंत धरून दिलं, हे तुम्हा पोरांना पाठ आहे. त्यानं काय साधलं ते विचारलं की सगळे गप्प. जिवंत माणूस हाती लागला म्हणून माग वर चढला: फरीदकोटचं घर, मुझफ्फराबादकडचं शिक्षण, कराचीहून निघालेली बोट. रबरी होडीच्या इंजिनाच्या नंबरावरून कराचीतलं दुकान सापडलं. हे २०१५ साली लिहिलं कुणी, तर पाकिस्तानच्याच एफआयए या तपास संस्थेचे माजी प्रमुख तारिक खोसा यांनी. चौकातल्या भाषणानं असलं काही होत नसतं.

लष्कर-ए-तोयबावर तिकडं जानेवारी २००२ मध्ये बंदी आली, तरी जमात-उद-दावाच्या पाटीखाली दुकान चालूच. पहलगामची २६ माणसं मारल्याचं 'टीआरएफ'नं, म्हणजे तोयबाच्याच 'द रेझिस्टन्स फ्रंट' या नव्या पाटीनं, आधी कबूल केलं, मग हात झटकले. इंग्रजी नाव, धर्माचा वास नाही, वाटावं की काश्मिरातलीच पोरं. पाकिस्तानी फौजेला नामानिराळं राहता यावं म्हणून या पाट्या बदलतात. तू पाटीवर चिडतोस, मालक सुटतो.

माग काढून काय होतं? दहशतवादाच्या पैशावर नजर ठेवणाऱ्या एफएटीएफ या आंतरराष्ट्रीय संस्थेनं पाकिस्तानला २०१८ पासून २०२२ पर्यंत करड्या यादीत ठेवलं, पैशाला चाप बसला, तेव्हा कुठं २०२० मध्ये हाफिज सईदला त्यांच्याच कोर्टानं शिक्षा ठोठावली. तेवढ्यानं भागलं नाही हेही खरं. मे २०२५ मध्ये मुरीदके आणि बहावलपूर इथल्या तोयबा आणि जैशच्या तळांवर मारा करावा लागला, आणि तो केला ते बरंच केलं. पण तो नेमका तिथंच झाला, कारण कुणीतरी वर्षानुवर्षं पत्ते लिहून ठेवले होते.

पलटणीत मला 'तलाठी' म्हणायचे. चकमक संपली की पोरं घोषणा देत, फोटो काढत. मी मेलेल्याची पिशवी पालथी करून यादी करत बसायचो. बुटाचा नंबर, औषधाच्या पट्टीवरचा कारखान्याचा शिक्का, खजुराच्या पाकिटावरची तारीख. एका साहेबाला ते आवडायचं नाही. बढती लांबली ती त्यामुळंच, असं मी आजही धरून चालतो. लांबू दे! याद्या वर गेल्या. गणपतीत मेहुण्याच्या भाषणात उठून "पुरावा?" विचारलं, तेव्हापासून तो बोलत नाही. ते लागतं मनाला. तरी पुन्हा विचारीन.

पहलगामला धर्म विचारून का मारलं असेल? इकडं बेळगावात पोरांनी एकमेकांबरोबर पळणं सोडावं म्हणून. म्हणजे त्यांचं उरलेलं काम तुमच्या ग्रुपनं फुकटात केलं. त्या २६ जणांत सय्यद आदिल हुसेन शाह हा घोडेवालाही होता, हे लिहिलं का कुणी तिथं? आपल्याच जिल्ह्याचं बघ. ऑपरेशन सिंदूरची माहिती द्यायला कर्नल सोफिया कुरेशी उभ्या राहिल्या. सासर त्यांचं गोकाक तालुक्यातलं कोन्नूर. त्यांच्या घरावर हल्ला झाल्याची पोस्ट फिरली. आपल्या पोलीस अधीक्षकांनी ती खोटी असल्याचं सांगितलं. पुढं ढकलणाऱ्यांपैकी एकानं तरी कोन्नूरला फोन लावून विचारलं असेल का?

तेव्हा आधी ग्रुपवर तुझ्या नावानं लिही, की तो पळायला येणार. मग रविवारी घरी ये, दोनशे पानी वही घेऊन. कसाब खटल्याचा सुप्रीम कोर्टाचा २०१२ चा निकाल छापून ठेवलाय. जाडजूड आहे, इंग्रजीत आहे, कुरकुर केलीस तर चहा मिळणार नाही. दोस्तालाही आण, त्याचं इंग्रजी तुझ्यापेक्षा बरं, असं तूच म्हणाला होतास.

तुझा,
काका